फॅक्सची आवक-जावक

२१ नोव्हेंबर २०१८. जम्मू-काश्मीरच्या माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्ती यांनी सरकार स्थापनेचा दावा करणारे पत्र राज्यपालांच्या नावे तयार केले. ८७ सदस्यांच्या विधानसभेत ५६ आमदारांचा पाठिंबा असल्याचे त्यात म्हटले होते. मुफ्ती श्रीनगरला होत्या, राजभवनाचा हिवाळी मुक्काम जम्मूला. पत्र फॅक्सने पाठवायचे ठरले, पण पलीकडे ते स्वीकारलेच जाईना. शेवटी त्यांनी पत्राची प्रत ट्विटरवर टाकली. त्याच रात्री राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी विधानसभा विसर्जित केली. ईदची सुट्टी असल्यामुळे फॅक्सपाशी कोणी नव्हते, असा खुलासा मलिक यांनी नंतर केला. फॅक्स मिळाला असता तरी आपला निर्णय बदलला नसता, असेही ते म्हणाले.

त्या रात्रीच्या राजकारणाचा निवाडा करणे हे या प्रकरणाचे काम नाही. इथे विषय आहे तो यंत्राचा. टेलिफोनची लाईन, वीज, कागद आणि यंत्राशेजारी हजर असलेला माणूस, या चारांपैकी एकाचीही गैरहजेरी फॅक्सला अडवू शकते. अडला की पाठवणाऱ्याला इतकेच कळते, की तो गेला नाही. का गेला नाही, पुन्हा कधी प्रयत्न करायचा, तोवर वाट पाहत कोण बसणार, हे सगळे त्याच्याच गळ्यात. जगभरच्या कार्यालयांनी १९८० आणि १९९०च्या दशकांत हा त्रास रोज सोसला. त्यातूनच नेटवर्कवरचा फॅक्स सर्व्हर आकाराला आला.

ज्यांनी त्या काळात कार्यालयांत नोकरी केली, त्यांना तो खटाटोप पाठ असेल. पत्र संगणकावर टाइप करायचे, प्रिंट काढायची, साहेबांची सही घ्यायची आणि यंत्रापुढे जाऊन उभे राहायचे. आपल्या आधी दोघे-तिघे असतच. नंबर दाबावा तर लाईन एंगेज. लागली तर तिसऱ्या पानाला कागद अडकायचा. आलेले फॅक्स ट्रेमध्ये उघडेच पडलेले असत. कोणाच्या रक्ततपासणीचा अहवाल, कोणाच्या कर्जाचा तपशील, येणाऱ्या-जाणाऱ्याने सहज वाचावा. कित्येक यंत्रांत थर्मल कागदाचा रोल असे आणि त्यावरची अक्षरे कालांतराने फिकी पडत. म्हणून महत्त्वाचा फॅक्स आला की आधी त्याची झेरॉक्स काढून ती फाइलला लावायची.

एवढे असूनही कार्यालयांनी फॅक्स सोडला नाही. त्याचे कारण कागदात सापडत नाही. ते टेलिफोनच्या लाईनवर चालणाऱ्या एका संभाषणात आहे.

तारेवरून चित्र पाठवण्याची कल्पना टेलिफोनपेक्षाही जुनी. स्कॉटलंडचे घड्याळजी अलेक्झांडर बेन यांनी तिचे पेटंट १८४३ साली घेतले. इटलीच्या जोव्हानी कासेली यांच्या यंत्रावर १८६५ मध्ये पॅरिस ते लिऑन अशी व्यावसायिक सेवाही सुरू झाली. कार्यालयातल्या टेबलापर्यंत पोचायला मात्र फॅक्सला आणखी शंभर वर्षे लागली. १९६६ साली झेरॉक्स कंपनीने बाजारात आणलेल्या टेलिकॉपियरला एक पान पाठवायला सुमारे सहा मिनिटे लागत. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आपसात जुळेलच याची खात्री नव्हती. ही अडचण १९८० साली खऱ्या अर्थाने सुटली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या सल्लागार समितीने ‘ग्रुप ३’ हे मानक ठरवले आणि टोकियोचे यंत्र न्यूयॉर्कच्या यंत्राशी विनातक्रार बोलू लागले.

हे बोलणे कसे चालते ते नीट पाहण्यासारखे आहे. फोन करणारे यंत्र दर तीन सेकंदांनी अर्धा सेकंद ११०० हर्ट्झचा सूर सोडते. चुकून फॅक्सच्या नंबरवरून आलेला फोन उचलला की कानात जो ‘टूं’ वाजतो, तो हाच. उचलणारे यंत्र २१०० हर्ट्झच्या लांब शिट्टीने उत्तर देते. मग सेकंदाला अवघे ३०० बिट अशा सावकाश गतीने ते आपली कुवत सांगते: कागदाचा आकार किती, रेषा किती बारीक, वेग कुठवर झेपेल. पाठवणारे यंत्र त्यातले काय वापरणार ते कळवते आणि दीड सेकंद नुसती शून्ये पाठवून लाईनची परीक्षा घेते. शून्ये स्वच्छ पोचली तर पान सुटते. नाही पोचली तर वेग उतरवून पुन्हा परीक्षा. पान संपले की पलीकडून पोचपावतीचा संदेश येतो. ती आली तरच पाठवणाऱ्याच्या कागदावर ‘ओके’ छापले जाते. बँका, वकील, दवाखाने यांना फॅक्सचा भरवसा वाटला तो या पोचपावतीमुळे. पान पलीकडच्या यंत्रात पोचले हे त्याच क्षणी, त्याच फोनवर कळत होते.

पानाची गंमत त्याहून मोठी. ग्रुप ३च्या मानकात प्रत्येक आडव्या ओळीत १,७२८ ठिपके धरलेले आहेत. साध्या प्रतीच्या ए-४ पानावर अशा सुमारे १,१४३ ओळी बसतात, म्हणजे एकूण पावणेवीस लाखांच्या आसपास ठिपके. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा हे जसेच्या तसे सेकंदाला ९,६०० बिटांच्या वेगाने पाठवायचे म्हटले, तर एका पानाला जवळपास साडेतीन मिनिटे लागली असती. म्हणून यंत्र ठिपके पाठवतच नाही. ‘इतके पांढरे, मग इतके काळे, मग इतके पांढरे’ अशी मोजणी ते पाठवते. नेहमी येणाऱ्या लांबीला छोटा संकेत, क्वचित येणाऱ्या लांबीला मोठा. पूर्ण कोरी ओळ, म्हणजे सलग १,७२८ पांढरे ठिपके, फक्त १७ बिटांत मावते. त्यानंतर ओळ संपल्याची १२ बिटांची खूण. पत्रात समास आणि दोन ओळींमधल्या मोकळ्या जागा भरपूर असतात, त्यामुळे साधे पत्र मिनिटाच्या आत पलीकडे जाऊन पडते.

इथेच संगणकाला वाव होता. यंत्रातून सरकवलेल्या कागदावर धूळ असते, घडी असते, कागद किंचित तिरका जातो. प्रत्येक डाग ही एक नवी काळी-पांढरी मोजणी, आणि प्रत्येक मोजणी म्हणजे लाईनवरचा जादा वेळ. पण पत्र मुळात संगणकावरच तयार झालेले असेल, तर ते कागदावर उतरवून पुन्हा वाचायचे कशाला? ठिपके संगणकानेच आखावेत. अक्षरे कोरीव येतात, डाग नसतात आणि पान लवकर संपते.

१९८५ साली अमेरिकेतल्या गॅमालिंक कंपनीने ‘गॅमाफॅक्स’ हे संगणकात बसवायचे कार्ड बाजारात आणले आणि संगणक फॅक्सच्या यंत्राशी थेट बोलू लागला. पुढे मोडेममध्येच फॅक्सची सोय आली. टोरांटोच्या डेलरिना कंपनीचे ‘विनफॅक्स’ हे सॉफ्टवेअर विंडोज वापरणाऱ्यांमध्ये खूप चालले. १९९५ साली सिमँटेकने ती कंपनीच विकत घेतली. विनफॅक्सची युक्ती सोपी होती. ते संगणकाच्या प्रिंटरांच्या यादीत एक जादा प्रिंटर दाखवत असे. त्यावर प्रिंट दिली की कागदाऐवजी फॅक्स निघायचा.

घरी किंवा एका माणसाच्या कार्यालयात हे छान होते. तीस टेबलांच्या कार्यालयात मात्र प्रत्येकाला मोडेम आणि प्रत्येकाला टेलिफोन लाईन देणार कोण? शिवाय संगणक संध्याकाळी बंद केला की रात्री येणारा फॅक्स कोण घेणार? आणि गेल्या महिन्यात कोणाला काय पाठवले, याची नोंद तीस संगणकांत विखुरलेली.

उत्तर होते एकच यंत्र, कायम चालू, सगळ्यांसाठी. मोडेम आणि टेलिफोनच्या लाईन त्या एका संगणकाला जोडायच्या आणि बाकीच्यांनी नेटवर्कवरून आपले काम त्याच्याकडे सोपवायचे. सरकारी कचेरीत आवक-जावकचे टेबल असते, तसाच हा संगणक. येणारे-जाणारे प्रत्येक पत्र त्याच्या हातून जाते, त्यावर क्रमांक पडतो, वहीत नोंद होते, आणि साहेब बदलले तरी वही जागेवर राहते.

या घडणीचा सर्वांत चांगला अभ्यास करता येतो तो हायलाफॅक्स या फॅक्स सर्व्हरवर, कारण त्याचा संपूर्ण कोड कोणालाही वाचायला खुला आहे. सॅम लेफ्लर हे त्याचे कर्ते. बर्कलीच्या बीएसडी युनिक्सच्या घडणीतले ते एक महत्त्वाचे नाव. टिफ प्रकारच्या चित्रांसाठी जगभर वापरले जाणारे ‘लिबटिफ’ हेही त्यांचेच काम. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीत असताना त्यांनी हा सर्व्हर लिहिला. त्याचे पहिले नाव फ्लेक्सफॅक्स. टिफशी त्यांचे नाते इथे कामी आले, कारण फॅक्सचे पान संगणकात साठवायला टिफ सोयीचे होते. हायलाफॅक्समध्ये पाने त्याच रूपात जातात आणि येतात.

टेबलावरच्या माणसाच्या बाजूने पाहू. समजा, विमा कार्यालयातल्या एका बाईंनी दाव्याचे चार पानी पत्र वर्डमध्ये तयार केले. त्या ‘प्रिंट’ म्हणतात आणि यादीतून फॅक्सचा प्रिंटर निवडतात. छोटी चौकट उघडते: नंबर, नाव, कव्हर पेज हवे की नको, लगेच पाठवायचे की रात्री. त्या ‘पाठवा’वर क्लिक करतात आणि पुढच्या कामाला लागतात. त्यांच्या दृष्टीने काम इथे संपले.

सर्व्हरचे काम इथे सुरू होते. त्यांच्या संगणकावरचा छोटा प्रोग्राम ४५५९ क्रमांकाच्या पोर्टवर सर्व्हरशी बोलतो. ही भाषा फाइल पाठवण्याच्या जुन्या एफटीपीच्या धर्तीवर बेतलेली आहे. पत्र पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेत येते. घोस्टस्क्रिप्ट हा प्रोग्राम त्याची ठिपक्यांची पाने करून टिफमध्ये ठेवतो. कामाला क्रमांक मिळतो आणि ते रांगेत लागते. रांगेतही अग्रक्रम असतो. ० ते २५५ मधला आकडा, लहान आकडा आधी. काही न सांगितल्यास १२७. दोनशे जणांना जाणारे परिपत्रक मोठ्या आकड्यावर टाकले, की तातडीचे एकटे पत्र त्याच्या आधी सुटते.

मग सर्व्हर मोकळी लाईन शोधतो आणि नंबर फिरवतो. पलीकडे एंगेज? मूळ मांडणीप्रमाणे तीन मिनिटांनी पुन्हा. कोणी उचलत नाही? पाच मिनिटांनी. जास्तीत जास्त बारा वेळा फोन, पान पाठवण्याचे तीन प्रयत्न आणि एकूण तीन तासांची मुदत. हे सगळे आकडे कार्यालयाला आपल्या सोयीने बदलता येतात. एक बारकावा विशेष आहे. एकाच नंबरला जाणारे पाच फॅक्स रांगेत असतील, तर नेहमीच्या मांडणीत सर्व्हर त्या नंबरला एका वेळी एकच फोन लावतो. नाही तर आपल्याच एका लाईनने पलीकडचा फोन अडवायचा आणि आपल्याच दुसऱ्या लाईनला एंगेज मिळायचा, असा प्रकार झाला असता.

शेवटी बाईंच्या ईमेलवर कळते: गेला, किंवा गेला नाही आणि कशामुळे. नोंद सर्व्हरच्या वहीत कायम राहते: दिनांक, वेळ, कोणी पाठवला, कोणत्या नंबरला, किती पाने, किती सेकंद, निकाल काय. दावा सहा महिन्यांनी वादात गेला, की हीच ओळ उघडून पाहिली जाते.

जावक अशी सरळ आहे, आवक अवघड. येणाऱ्या फॅक्सवर कोणाच्या टेबलावर जायचे हे यंत्राला वाचता येईल अशा रूपात लिहिलेले नसते. सर्वांत साधा उपाय म्हणजे लाईन वाटून देणे: ही लाईन दाव्यांची, ती हिशेबाची. मोठ्या कार्यालयांनी टेलिफोन कंपनीकडून नंबरांचा सलग संच घेतला. बाहेरून कोणता नंबर फिरवला गेला त्याचे शेवटचे आकडे एक्स्चेंज सर्व्हरला आधीच कळवते, त्यामुळे वीस-पंचवीस लाईनवर शेकडो माणसांना स्वतःचा फॅक्स नंबर देता येतो आणि फॅक्स थेट त्या माणसाच्या ईमेलमध्ये उतरतो. ज्यांना हे परवडत नव्हते, त्यांच्याकडे एक माणूस पहिले पान पडद्यावर पाहून फॅक्स पुढे सरकवी. तेवढ्यानेही ट्रेमधला उघडा ढीग नाहीसा झाला.

हायलाफॅक्स मोफत होते. बाजारात राइटफॅक्ससारखी विकतची उत्पादने होती, आणि मोठी रुग्णालये व बँका बहुतेक त्यांच्याकडे वळल्या. राइटफॅक्सची मालकी कॅप्टारिसकडे गेली आणि २००८ साली कॅनडाच्या ओपनटेक्स्टने कॅप्टारिस विकत घेतली. ईमेल घरोघरी पोचल्यानंतर इतक्या वर्षांनीही फॅक्स सर्व्हर करणारी कंपनी विकत घेण्यासारखी होती, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

आरोग्यसेवेकडे पाहिले की त्याचा उलगडा होतो. जुलै २०१८ मध्ये इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने मोजणी जाहीर केली, तेव्हा तिथल्या सरकारी रुग्णालयांत आठ हजारांहून जास्त फॅक्स यंत्रे चालू होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी जानेवारी २०१९ पासून नवी खरेदी बंद केली आणि ३१ मार्च २०२०पर्यंत सगळी यंत्रे हटवण्याचे फर्मान काढले. अमेरिकेत सरकारी आरोग्य विमा योजनांच्या प्रमुख सीमा वर्मा यांनीही ऑगस्ट २०१८ मध्ये, डॉक्टरांची कार्यालये २०२०पर्यंत फॅक्समुक्त करा, असे आवाहन केले होते.

२०२० उजाडले ते कोरोना घेऊन. टेक्सासमधल्या ह्यूस्टन आणि हॅरिस काउंटीच्या आरोग्य खात्याकडे चाचण्यांचे अहवाल अजूनही फॅक्सने येत होते. इतके, की यंत्रातून निघालेले कागद जमिनीवर पसरत आणि कर्मचाऱ्यांना एकेक अहवाल हाताने संगणकात भरावा लागे. तेव्हा दोष फॅक्सला दिला गेला. पण एका प्रयोगशाळेचे सॉफ्टवेअर दुसऱ्या खात्याच्या सॉफ्टवेअरशी जुळत नव्हते, हे खरे दुखणे होते. फॅक्स कोणाशीही जुळतो, म्हणून सगळे तिकडे वळत. सर्व्हर असता तर जमिनीवरचे कागद वाचले असते. हाताने भरण्याचे कष्ट वाचले नसते. फॅक्सचे पान म्हणजे शेवटी ठिपक्यांचे चित्र. त्यात रुग्णाचे नाव कुठे आणि निकाल कुठे हे संगणकाला आपोआप कळत नाही. मजकूर ओळखणारे सॉफ्टवेअर थोडी मदत करते, पण साध्या प्रतीच्या पानावर ३ आणि ८ यांत चूक होऊ शकते, आणि औषधाच्या मात्रेत ती चूक परवडत नाही.

सुरक्षिततेबाबतही एक गैरसमज रुजला आहे. फॅक्स इंटरनेटवरून जात नाही म्हणून तो सुरक्षित, असे अनेकांना वाटते. ऑगस्ट २०१८ मध्ये डेफकॉन परिषदेत चेक पॉइंट कंपनीच्या संशोधकांनी याला धक्का दिला. एचपीच्या एका ऑल-इन-वन प्रिंटरला त्यांनी फक्त टेलिफोन लाईनवरून खास बनवलेला रंगीत फॅक्स पाठवला, प्रिंटरचा ताबा घेतला आणि तिथून आतल्या नेटवर्कमध्ये शिरून दाखवले. एचपीने दुरुस्ती प्रसिद्ध केली. फॅक्स सर्व्हर ठेवणाऱ्यांसाठी त्यातला धडा थेट आहे. बाहेरून कोणीही फोन लावू शकेल असे हे यंत्र आहे; ते कार्यालयाच्या नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात असावे आणि त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत असावे. दुसरीकडे, सर्व्हरवरच्या सामाईक पत्त्यांच्या यादीमुळे चुकीचा नंबर दाबून कोणाचा तरी अहवाल भलत्याच दुकानात जाण्याचा धोका नक्कीच घटतो.

आता टेलिफोनची लाईनच बदलते आहे. इंटरनेटवरून जाणारा आवाज छोट्या पाकिटांत तुटून जातो. एखादे पाकीट हरवले तर माणसाचा कान ते चालवून घेतो. मोडेमचा सूर मात्र तिथेच तुटतो आणि पान अर्ध्यात राहते. यावर १९९८ मध्ये टी.३८ हे मानक आले. त्यात वाटेतले यंत्र मोडेमचा सूर ऐकते, त्यातली माहिती बाहेर काढते आणि तेवढीच पाकिटांत भरून पुढे देते; हरवलेले भरून निघावे म्हणून आधीची माहिती पुढच्या पाकिटात पुन्हा घालते. हायलाफॅक्सलाही खऱ्या मोडेमऐवजी सॉफ्टवेअरचे मोडेम जोडता येऊ लागले, त्यामुळे टेलिफोनची एकही तार न लावता सर्व्हर चालवता येतो.

ब्रिटनमधले जुने टेलिफोन जाळे बंद करण्याची मुदत ३१ जानेवारी २०२७ अशी ठरलेली आहे. त्यानंतर तिथे जे फॅक्स जातील ते इंटरनेटच्या पाकिटांतूनच जातील. कार्यालयांनी तोवर आपल्या सेवा पुरवणाऱ्याला नेमके प्रश्न विचारायला हवेत: टी.३८ चालते का, आपला जुना नंबर तोच राहील का, आणि आलेली पाने कोणाच्या संगणकावर, किती दिवस साठवली जातील. चौथा प्रश्न स्वतःच्या माणसांना विचारायचा. ‘ओके’चा संदेश पान यंत्रात पोचल्याचे सांगतो, ते कोणी वाचल्याचे सांगत नाही. म्हणून तातडीचा तपासणी अहवाल पाठवल्यावर पलीकडच्या परिचारिकेला फोन कोण करणार, त्याचे नाव आधीच ठरलेले असावे.